अनोळखी इसम

दिवस पहिला, सोमवार

पंचवटी एक्स्प्रेसनं निघाले. जुलैचा दुसरा आठवडा, कसारा घाटात धुकं इतकं दाट की बोगदा कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते फक्त आवाजावरून कळत होतं. माझ्या मांडीवर वही होती आणि वहीत एक खून होता.

दिवाळी अंकासाठी मी दरवर्षी एक रहस्यकथा लिहिते. यंदाची लांबली आहे, जवळजवळ कादंबरीच म्हणावी इतकी. सायनमधल्या एका नव्या टॉवरच्या तळमजल्यावर वॉचमनचा खून होतो. रात्री, झोपेत, डोक्यात दगड घालून. तपास करणाऱ्या पोलीस निरीक्षक बाईंना ही तऱ्हा कुठेतरी वाचल्यासारखी वाटते, आणि त्या चाळीस वर्षं मागे जातात. इथवर नीट जमलं होतं. पुढे मात्र कथा हलेना. नाशिकला टेबलाशी बसून मुंबईचे खून जुळवता येत नाहीत हे कळल्यावर पाच दिवसांची रजा टाकली आणि विक्रोळीच्या मामांना फोन केला.

मामा १९७७ साली मुंबई पोलिसांत शिपाई म्हणून लागले आणि २०१३ ला सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. लहानपणापासून त्यांच्याकडून मी पोलिसांच्या गोष्टी ऐकत आले, पण प्रश्न विचारण्यासाठी त्यांच्याकडे जाण्याची ही पहिलीच वेळ.

ठाण्याला उतरून स्लो लोकल पकडली. मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी. खिडकीतून मी प्रत्येक स्टेशन निरखून पाहत होते, कारण वहीतला सगळ्यात जुना धागा याच रुळांच्या कडेनं जातो. १९६५-६६ मध्ये पूर्व उपनगरांत, जुनी माणसं अजून जिला ‘जीआयपी लाइन’ म्हणत त्या मध्य रेल्वेच्या लाइनीच्या आजूबाजूला, झोपलेल्या माणसांवर रात्री हल्ले झाले. एकोणीस जणांवर. त्यांतले नऊ गेले. मग ते थांबलं. १९६८ च्या पावसाळ्यात पुन्हा सुरू झालं, या वेळी उत्तरेकडच्या उपनगरांत. तेच लोक: झोपड्यांत, उघड्यावर, दार नसलेल्या घरात झोपणारे.

कन्नमवार नगरात मामींनी थालीपीठ आणि लोणी पुढे ठेवलं. मामा १९६८ साली तेरा वर्षांचे होते, भांडुपला बैठ्या चाळीत राहायचे. ‘‘दाराला कडी नव्हती,’’ मामा म्हणाले, ‘‘आजी सुतळीनं दार बांधायची. आम्ही पोरं मधे, आई एका कडेला, बाबा दाराशी. उकाड्यानं जीव जायचा, पण खिडकी उघडायची नाही.’’ चाळीतले पुरुष लाठ्या घेऊन आळीपाळीनं गस्त घालायचे. एका रात्री त्यांनी एक अनोळखी माणूस पकडला. त्याला मराठी येत नव्हतं. त्याला मारलं, खूप मारलं. सकाळी कळलं की तो कुठल्याशा बांधकामावरचा मजूर होता, वाट चुकलेला.

‘‘कंदील माझ्या हातात होता,’’ मामा म्हणाले. मामी उठून आत गेल्या. त्यांनी हे आधी ऐकलेलं असावं.

जेवण झाल्यावर मी त्यांना माझं कथानक सांगितलं. जुन्या खुन्याची नक्कल करणारा नवा खुनी, त्याचं डोकं कसं चालतं, त्याला दगडच का हवा. बरंच रंगवून सांगितलं. मामांनी पूर्ण ऐकून घेतलं.

‘‘मेलेला कोण?’’

‘‘वॉचमन.’’

‘‘नाव?’’

‘‘नाव अजून ठरवलं नाही.’’

‘‘मग तोही अनोळखी इसमच की गं,’’ मामा म्हणाले आणि पांघरूण घेऊन झोपायला गेले.

दिवस दुसरा, मंगळवार

सकाळी मामा स्वतःच तयार होऊन बसले होते, छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन. आधी क्रॉफर्ड मार्केट, मग डोंगरी असं त्यांनी ठरवलं होतं.

क्रॉफर्ड मार्केटसमोरची आयुक्तालयाची जुनी दगडी इमारत १८९६ मध्ये वापरात आली. आत जायचं आम्हाला कारण नव्हतं. समोरच्या फुटपाथवर फळवाल्यांच्या ताडपत्रीखाली उभं राहून मामांनी मला बोटांचे ठसे समजावले, आणि मी वहीत लिहीत गेले. आजही लिहिलेल्या पानावर पावसाचे थेंब आहेत.

आपल्याकडे आजी तान्ह्या बाळाची बोटं उघडून शंख किती, चक्रं किती ते बघते. पोलिसांचं शास्त्र नेमकं तिथूनच सुरू होतं. दहा बोटांपैकी कोणकोणत्या बोटांवर चक्र आहे एवढ्यावरून माणसाची स्लिप, म्हणजे दहा ठशांचा कागद, एका कप्प्यात जाते. असे कप्पे बत्तीस गुणिले बत्तीस, म्हणजे १०२४. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांनी या वर्गवारीचं गणित बसवलं, नाव मात्र लागलं त्यांच्या साहेबाचं, हेन्रीचं. ठशांची जगातली पहिली कचेरी १८९७ मध्ये कोलकात्यात उघडली. या पद्धतीची खुबी अशी की माणूस हाताशी असेल, त्याची दहाही बोटं शाई लावून कागदावर घेतली, तर हजारो स्लिपांमधून त्याची जुनी स्लिप शोधता येते. त्यानं नाव बदललं असलं तरी. आणि अडचण अशी की जागेवर सापडलेला एकच पुसट ठसा कुठल्या कप्प्यात शोधायचा ते कळत नाही. आता संगणक ते करतो, तेव्हा करत नव्हता.

म्हणजे तेव्हा ठसे खुनी शोधून देत नव्हते. सापडलेला माणूस कोण आहे, हे सांगत होते. माझ्या कथेत मी बरोबर उलटं लिहिलं होतं. ती चार पानं तिथेच फुली मारून काढली.

सँडहर्स्ट रोडच्या बाजूनं डोंगरीत शिरलो. भेंडी बाजाराचा मोठा भाग पाडून तिथे उंच इमारती उभ्या राहत आहेत, त्यामुळे मामांच्या ओळखीच्या गल्ल्या मधेच संपत होत्या. उमरखाडीत बालसुधारगृहाची भिंत लागली. पूर्वीचा डोंगरीचा तुरुंग. टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये एकशे एक दिवस इथे होते. त्या भिंतीला हात लावून पुढे निघालो, कारण मला ऐकायचं होतं ते २७ ऑगस्ट १९६८ चं.

त्या दिवशी या भागात ॲलेक्स फियालो नावाच्या उपनिरीक्षकाला एक माणूस दिसला. चेहरा फोटोशी जुळत होता. हा फोटो कुठून आला, यातच सगळं रहस्य आहे. १९६६ मध्ये, पहिल्या मालिकेच्या वेळी, त्या भागात घुटमळताना हा माणूस पोलिसांच्या हाती लागला होता. त्याच्या नावावर दरोड्याची जुनी शिक्षा होती, म्हणून तो दप्तरात होताच. पण त्याला खून करताना कुणी पाहिलं नव्हतं, पुरावा नव्हता, म्हणून सोडावं लागलं. माणूस गेला, कागद राहिला. दोन वर्षांनी, नवे खून सुरू झाल्यावर, तो कागद बोलला.

फियालोंनी दोन पंचांसमोर झडती घेतली. चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहाची पूड, आकडेमोड लिहिलेले दोन कागद. अंगातल्या बुशशर्टवर आणि खाकी अर्ध्या चड्डीवर रक्ताचे डाग. ठसे घेतले, जुन्या स्लिपशी जुळले: रामन राघव, उर्फ सिंधी दलवाई. गुन्हे शाखेचे तेव्हाचे प्रमुख रमाकांत कुलकर्णी होते, पुढे ते राज्याचे पोलीस महासंचालक झाले. राघवनं एकेचाळीस खून कबूल केले. फाशीची शिक्षा झाली, पण तो वेडा आहे का या प्रश्नानं खटला पुढे वर्षानुवर्षं चालला आणि १९८७ मध्ये उच्च न्यायालयानं फाशीची जन्मठेप केली. १९९५ साली तो पुण्यात ससूनमध्ये मूत्रपिंडाच्या आजारानं गेला.

हे सगळं मला पाठ होतं. त्यानं चौकशीच्या आधी कोंबडीचं जेवण मागितलं, मग तेल, कंगवा, आरसा मागितला, हेही. मी ज्यांना ज्यांना या कथेविषयी सांगितलं त्या प्रत्येकाला ती कोंबडी ठाऊक होती. डोंगरीच्या त्या नाक्यावर मामांनी मला विचारलं, ‘‘एकेचाळिसातला एक सांग. एकाचं नाव.’’

मला एकही सांगता आलं नाही. मामांनाही नाही. आम्ही दोघं तिथे चहा प्यायलो आणि बराच वेळ बोललो नाही. खिशातल्या वस्तूंची यादी मला लसणासकट येते, आणि ज्यांच्या उशाशी तो माणूस उभा राहिला त्यांतल्या एकाच्याही खिशात काय होतं ते येत नाही. याचा मला मनापासून त्रास झाला, अजून होतो.

दिवस तिसरा, बुधवार

मामांचे गुडघे दुखत होते, म्हणून एकटी निघाले. आधी मलबार हिलला गेले, कारण बावला खून खटल्याची जागा न बघता परतणं रहस्यकथा लिहिणारीला शोभलं नसतं. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी अब्दुल कादर बावला या श्रीमंत व्यापाऱ्याची गाडी इथे अडवली गेली, त्याला गोळ्या घातल्या, सोबतच्या, इंदूरच्या महाराजांना सोडून आलेल्या मुमताज बेगमच्या चेहऱ्यावर वार झाले. तेवढ्यात गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी तिथून चालले होते, त्यांनी हल्लेखोरांना धरलं, एकानं तर गोल्फच्या काठीनंच. तपास इंदूरच्या राजवाड्यापर्यंत गेला आणि १९२६ मध्ये तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. एका खुनानं एक राजा खाली उतरला. मारल्या गेलेल्याला नाव होतं, गाडी होती, आणि बघणारे साहेब होते. रस्ता सुंदर आहे, झाडं मोठी आहेत. मी दहा मिनिटं थांबून ताडदेवची बस पकडली.

जायचं होतं तुळशीवाडीला, आणि तिथे जायचं कारण माझ्या पिशवीत होतं. ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल मी नाशिकहून छापून आणला होता. फुटपाथवर राहणाऱ्यांना हुसकावण्याची सरकारनं १९८१ मध्ये घोषणा केली, त्याविरुद्धचा हा खटला. सर्वोच्च न्यायालयानं १० जुलै १९८५ ला निकाल दिला, लिहिला सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूडांनी, आणि दुसऱ्या दिवशी ते निवृत्त झाले. जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो, असं निकाल म्हणतो. तरी फुटपाथवर कायमचं राहण्याचा हक्क मात्र देत नाही. पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, कुणाला हलवू नका, एवढी सवलत देतो.

हा निकाल माझ्या वहीत का आला? कारण १९८५ हेच साल सायन-किंग्ज सर्कलच्या खुनांचंही आहे. ज्या वर्षी दिल्लीच्या न्यायालयात फुटपाथवरच्या माणसाला जगण्याचा हक्क आहे का यावर निवाडा झाला, त्याच वर्षी मुंबईच्या फुटपाथवर कुणीतरी त्यांची डोकी ठेचू लागलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी मला त्या वेगळ्या करून बघता येत नाहीत.

तुळशीवाडीच्या तोंडाशी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून पुन्हा वाचायला घेतला. आजूबाजूला टॉवर, पायथ्याशी पत्र्याची घरं, मधून वाहणारं पावसाचं पाणी. निकालात एका अर्जदाराची हकीकत आहे. तो १९६९ मध्ये संगमनेरहून मुंबईला आला. गावात चांभारकाम करायचा, दिवसाला सात-आठ रुपये सुटायचे. गावचं घर पडलं. मुंबईत बदली कामगार म्हणून महिना साडेतीनशेवर लागला. तुळशीवाडीला फुटपाथवर राहायला जागा मिळाली, ती स्थानिक गुंडाला तीनशे रुपये देऊन. बांबू आणि प्लॅस्टिकच्या कागदाला सातशे लागले.

संगमनेर. नाशिक-पुणे रस्त्यावर आमची एसटी जिथे चहाला थांबते ते. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात ते नाव वाचल्यावर मला त्या पायरीवरून उठवेना.

आणि तिथेच माझ्या कथेला हेतू सापडला. तीनशे रुपये. फुटपाथवरची सहा बाय चार जागा विकत मिळत होती, म्हणजे ती विकणारा होता, म्हणजे ती रिकामी करून हवी असणाराही होता. कुणी वेडा, कुणाची नक्कल, असलं काहीच लागत नाही. माझ्या कथेतला १९८५ चा मेलेला माणूस संगमनेर तालुक्यातला चांभार आहे. निकालातला अर्जदार हा नव्हे, त्याला मी हात लावणार नाही. हा माझा. त्यानं जागेचे पैसे एकदा दिले आणि दुसऱ्यांदा द्यायला नकार दिला.

संध्याकाळी मामांना सांगितलं तर ते खुर्चीत पुढे सरकले. ‘‘मालिका चालू असली ना, की एकटा खून तिच्यात लपतो,’’ ते म्हणाले. ‘‘आम्ही सगळे एकच माणूस शोधत असतो.’’

दिवस चौथा, गुरुवार

सकाळ वाया गेली. जुने कागद बघायला मिळतील या आशेनं एका कचेरीत गेले, तीन खिडक्यांवर पाठवलं, तिसऱ्या खिडकीनं पुन्हा पहिलीकडे. मामांना फोन केला तर म्हणाले, घरी ये, मी सांगतो ते ऐक.

जे ऐकलं ते असं. खुनाचा तपास करून आरोपी सापडला नाही की पोलीस न्यायालयाकडे ‘अ’ समरी मागतात. ‘अ’ म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपीचा पत्ता नाही. तक्रार खोटी निघाली तर ‘ब’, गैरसमजातून वगैरे झाली असेल तर ‘क’. ‘अ’ झालेली फाइल मरत नाही. खुनाला मुदत नसते, नवा धागा मिळाला तर चाळीस वर्षांनीही ती उघडता येते. पण मुद्देमालाला मुदत असते. दगड, कपडे, चपला, रक्ताचे नमुने किती वर्षं ठेवणार? न्यायालयाच्या आदेशानं विल्हेवाट लागते. उरतो तो पंचनामा. त्या दिवशी त्या शिपायानं जे पाहिलं आणि लिहिलं तेवढंच. त्यानं लिहिलं नाही ते कुणालाच पुन्हा दिसणार नाही.

रात्री साडेदहाला मामी नको म्हणत असताना आम्ही निघालो. सायनला उतरलो आणि चालत किंग्ज सर्कलकडे. पाऊस थांबला होता, गांधी मार्केटच्या बाजूला घोट्याएवढं पाणी उरलं होतं. किंग्ज सर्कलचं खरं नाव महेश्वरी उद्यान, पण ते कुणी म्हणत नाही.

१९८५ पासून पुढची दोनेक वर्षं या पट्ट्यात बारा माणसं मारली गेली. तऱ्हा एकच: निर्जन जागी एकटा झोपलेला गाठायचा आणि मोठा दगड डोक्यात घालायचा, कधी तीस किलोपर्यंतचा. एक वेटर वाचला, पण अंधारात त्याला चेहरा दिसला नव्हता. १९८९ मध्ये कोलकात्यात तसेच खून झाले, तिथे तेरा. दोन्हीकडचा माणूस एकच होता का हे कधी सिद्ध झालं नाही, आणि मुंबईतला तर कधी सापडलाच नाही. हे खून एकाच हातचे असावेत हे पोलिसांच्या लक्षात यायला सहावा खून व्हावा लागला. कारण बहुतेक मेलेल्यांची ओळखच पटली नाही. एकटे झोपणारे, विचारत येणारं कुणी नाही. ज्याला नाव नाही त्याची बातमी पुढे सरकत नाही, आणि दोन बातम्या शेजारी आल्याशिवाय धागा दिसत नाही.

मामा तेव्हा तिशीत होते, शहराच्या मध्यभागातल्या एका ठाण्यात, नाइट राउंडला. झोपलेल्या माणसाला हात लावायचा नाही, तो दचकून अंगावर येईल. काठीनं पायाजवळ जमिनीवर टकटक करायची आणि पाय हलला की पुढे जायचं. ‘‘रात्रभर पाय बघत फिरायचो,’’ मामा म्हणाले. ‘‘पाय हलेपर्यंत श्वास अडकायचा.’’

पुलाखाली चौघं झोपायच्या तयारीत होते, पुठ्ठे अंथरून. एक पंचविशीचा मुलगा जागा होता, नाक्यावर हातगाडी ओढतो. मामांनी त्याला तंबाखू दिली, गप्पा सुरू झाल्या. जुने खून त्याला ठाऊक नव्हते, त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीचे. मी विचारलं, इथेच का झोपता, पलीकडे दुकानाच्या फळीखाली कोरडं आहे की. तो म्हणाला, तिकडे एकट्यालाच जागा आहे, आणि एकटं झोपायचं नसतं. कुणी सांगितलं? आलो त्या दिवशी सांगितलं होतं, म्हणाला, एका म्हाताऱ्यानं. का ते नाही सांगितलं.

मी मामांकडे बघितलं. मामा दुसरीकडे बघत होते.

मग त्या मुलानं चपला काढल्या, एकीवर एक ठेवल्या, वर गमछाची घडी घातली आणि त्यावर डोकं टेकलं. उशालाच ठेवतात, नाहीतर सकाळी अनवाणी. चपलेच्या अंगठ्याला ठोकलेल्या चुका, म्हणजे बारीक खिळे, दिव्याच्या उजेडात चमकल्या.

परतताना मामांनी त्यांच्या पहिल्या पंचनाम्याची गोष्ट सांगितली. खून नव्हता, आजारानं रस्त्यावर गेलेला एक माणूस. मामांनी लिहिलं: अनोळखी इसम, वय अंदाजे चाळीस, पायाशी एक जोड जुनी चप्पल. फौजदारांनी वाचलं आणि विचारलं, जुनी म्हणजे काय? परत जा, चप्पल हातात घे आणि काय दिसतं ते लिही. मामा परत गेले. उजव्या चपलेच्या अंगठ्याला तीन चुका, त्यांतली एक वाकडी, आतून ठोकून सपाट केलेली. पंधरा-वीस दिवसांनी एक बाई गावाहून नवऱ्याला शोधत आली. फोटोतला सुजलेला चेहरा तिला ओळखता येईना. मामांनी पंचनामा वाचून दाखवला. चुकांपाशी आल्यावर ती खाली बसली. ती वाकडी चूक तिनंच घरी बत्त्यानं ठोकली होती.

‘‘त्या दिवशी रजिस्टरमध्ये अनोळखीवर रेघ मारून मी नाव लिहिलं,’’ मामा म्हणाले. ‘‘छत्तीस वर्षांच्या नोकरीत मला बक्षिसं मिळाली, पण ते आठवतं.’’

शेवटच्या लोकलपैकी एक मिळाली. डब्यात आम्ही दोघं आणि दाराशी एक मासळीवाली, रिकामी पाटी घेऊन.

दिवस पाचवा, शुक्रवार

दिवसभर मामांच्या घरी बसून लिहिलं. मामींनी दोनदा चहा आणून ठेवला आणि दोनदा गार झालेला उचलून नेला.

कथा आता अशी आहे. सायनच्या टॉवरमधला वॉचमन १९८५ साली आठ वर्षांचा होता. बाप रात्री कामाच्या जागेजवळ झोपायचा, एके सकाळी परत आला नाही. बारांत कधी न मोजलेला तेरावा. पोरानं चाळीस वर्षं बापाची एक चप्पल पत्र्याच्या पेटीत जपली. ती त्याला कुठे सापडली, दुसरी कुठे गेली, आणि टॉवरमध्ये राहायला आलेल्या कुणाला बघून त्यानं पेटी उघडली, ते इथे सांगत नाही, दिवाळीत वाचा. निरीक्षक बाईंच्या हातात दोनच कागद आहेत: पेटीतल्या वस्तूंचा आजचा पंचनामा आणि एका ‘अ’ समरीतला जुना. दोन्ही नावं ठरवली, बापाचंही आणि मुलाचंही. नकली खुनी, त्याचं डोकं, त्याचा दगडाचा हव्यास, अशी साठ पानं काढून टाकली.

संध्याकाळची पंचवटी दादरला पकडली. मामा पोचवायला आले होते, गुडघ्याला पट्टा बांधून. कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी अंधारात मागे गेली. रुळांच्या कडेच्या घरांत दिवे होते, दारं उघडी होती, एका दारात एक बाई मुलाला भरवत बसली होती.

इगतपुरीला गाडी थांबली तेव्हा रेंज आली आणि मी मामांना फोन लावला. जुन्या पंचनाम्याचं पान लिहायला घेतलं होतं आणि तिथे अडले होते.

‘‘चप्पल आली का पंचनाम्यात?’’ मामांनी विचारलं.

‘‘आली.’’

‘‘चुका किती?’’

‘‘पाच. तीन लोखंडी, गंजलेल्या. दोन तांब्याच्या, त्यानं स्वतः ठोकलेल्या.’’

‘‘डावी का उजवी?’’

‘‘डावी. उजवी पोराकडे आहे.’’

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मागून मामींचा, जेवायला या, असा आवाज आला.

‘‘हां,’’ मामा म्हणाले. ‘‘आता लिही.’’